ओवा, लवंग आणि बुरशी : एमआयसी काढतानाच्या नोंदी, इंदूर

काम असं : ओव्यातलं थायमॉल, लवंगेतलं युजेनॉल आणि दालचिनीतलं सिनामाल्डिहाइड किती मात्रेला बुरशी थोपवतात, त्याचा भरवशाचा आकडा काढायचा. बुरशी दोन. एक कॅन्डिडा अल्बिकन्स, दुसरी गजकर्णाच्या कुळातली ट्रायकोफायटन मेंटाग्रोफायटीस. ज्या कमीत कमी मात्रेला वाढ थांबते ती एमआयसी. कॉलेजच्या लॅबमध्ये हेच करू पाहणाऱ्यांसाठी या नोंदी आहेत. वनस्पतीच्या तेलांवरचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, कारण तेल जिथे घातलं तिथे राहत नाही. खालच्या बहुतेक अडचणी याच एका कारणाच्या आहेत.

१६ जून २०२५. कल्चर आणि माध्यम

दोन्ही बुरश्या चंडीगडच्या एमटीसीसी या सूक्ष्मजीवांच्या संग्रहातून मागवल्या. सोबत कॅन्डिडा पॅराप्सिलोसिस एटीसीसी २२०१९ घेतली. ही तुलनेची बुरशी आहे. तिच्यावर फ्लुकोनाझोल या बुरशीच्या औषधाची एमआयसी २४ तासांत ०.५ ते ४ मायक्रोग्रॅम प्रति मिली यायलाच हवी. ती आली नाही तर त्या दिवशीचे बाकीचे सगळे आकडे बाद धरायचे. हा खर्च वाचवू नका.

साबुरो डेक्स्ट्रोज अगार : लिटरला डेक्स्ट्रोज ४० ग्रॅम, पेप्टोन १० ग्रॅम, अगार १५ ग्रॅम, पीएच ५.६. १२१ अंशांवर १५ मिनिटं ऑटोक्लेव्ह. त्याहून जास्त वेळ ठेवलं की या आम्ल पीएचला अगार तुटतो, प्लेट लिबलिबीत होते आणि लूप फिरवताना पृष्ठभाग फाटतो. पहिला लॉट असाच गेला. ऑटोक्लेव्हचा दाब उतरायला वेळ लागत होता, म्हणजे गरम राहण्याचा वेळ प्रत्यक्षात कितीतरी जास्त. आता लिटरच्या एका फ्लास्कऐवजी २५० मिलीचे चार फ्लास्क करतो.

इंदुरात पाऊस सुरू झाला की हवेतली काळी-हिरवी बुरशी प्लेटांवर उतरते. मूळ कल्चर वाढवण्याच्या प्लेटांत लिटरला ५० मिलिग्रॅम क्लोरॅम्फेनिकॉल घातलं, पण ते जंतूंसाठी. हवेतल्या बुरशीला त्याचं काहीच वाटत नाही. प्लेटा ओतताना पंखा बंद ठेवणं आणि निर्जंतुक हवेचं कॅबिनेट अर्धा तास आधी चालू करणं हाच खरा उपाय.

२३ जून. ओव्याचं तेल

ओवा इंदूरच्या सियागंज बाजारातून, किलोला तीनशेच्या आसपास. १०० ग्रॅम ओवा, एक लिटर पाणी, दोन लिटरचा गोल बुडाचा फ्लास्क, क्लेव्हेंजर उपकरण (वाफेबरोबर आलेलं तेल थंड करून मोजनळीत साठवणारी काचेची मांडणी), तीन तास. मिक्सरमध्ये बारीक पूड केली की फेस उसळून थेट कंडेन्सरमध्ये चढतो आणि नळीत लगदा अडकतो. खलबत्त्यात नुसता भरड कुटा, दाणा दुभंगला की पुरे.

उन्हाळ्यानंतरचं टाकीचं पाणी कोमट असतं, त्याने कंडेन्सर थंड होत नाही आणि तेलाचा वास खोलीभर पसरतो. तो वास म्हणजे निसटलेलं तेलच. बादलीत बर्फ टाकून कूलरच्या छोट्या पंपाने पाणी फिरवलं. १०० ग्रॅमला पावणेतीन मिली तेल मिळालं. निर्जल सोडियम सल्फेटवर पाणी शोषून घेतलं आणि तपकिरी बाटलीत भरून फ्रीजमध्ये ठेवलं.

२६ जून. तीच बाटली, दोन वेगळी तेलं

फ्रीजमधून काढलेल्या बाटलीच्या तळाशी पांढरे सुयांसारखे खडे. हे ओव्याचं सत्त्व, म्हणजे थायमॉल. ते साधारण ५० अंशांना वितळतं, त्यामुळे थंडीत तेलातून वेगळं होऊन खाली बसतं. आता वरचं तेल पिपेटने उचललं तर त्यात थायमॉल कमी, पॅरा-सायमीन आणि गॅमा-टर्पिनीन जास्त. दुसऱ्या दिवशी तळाचं उचललं तर नेमकं उलट. एकाच बाटलीतून दोन वेगळे आकडे निघतात आणि दोष बुरशीवर जातो.

उपाय : वापरण्याआधी घट्ट झाकलेली बाटली ४५ ते ५० अंशांच्या पाण्यात खडे पूर्ण विरघळेपर्यंत ठेवायची, उलटीसुलटी करायची आणि तेल कोमट असतानाच मोजायचं. त्याहून बरं, आलेलं सगळं तेल त्याच दिवशी वजन करून डीएमएसओमध्ये (तेल आणि पाणी दोन्हींत मिसळणारा द्रव) विरघळवून छोट्या काचेच्या कुप्यांत भरायचं. पुढे आम्ही तेच केलं.

३० जून. लवंग : तेल खाली जातं

लवंगेचं तेल पाण्याहून जड. ओव्यासाठीचा क्लेव्हेंजर हलक्या तेलाचा असतो. त्यात वर तरंगलेलं तेल राहतं आणि खालचं पाणी फ्लास्कमध्ये परततं. लवंगेचं तेल त्या पाण्याबरोबर परत फ्लास्कमध्ये जातं. तीन तास उकळून मोजनळीत जेमतेम पातळ थर. सकाळ आणि ५० ग्रॅम लवंग दोन्ही वाया, आणि लवंग किलोला हजारावर.

पुस्तकी पद्धतीत अशा वेळी मोजनळीत थोडं झायलीन घालतात, म्हणजे तेल त्यात विरघळून वर राहतं. तेल किती निघतं एवढंच मोजायचं असेल तर ते ठीक. आपल्याला ते तेल बुरशीवर घालायचं आहे, आणि झायलीन स्वतःच बुरशी मारतं. म्हणून ते नाही.

मग साधं ऊर्ध्वपातन केलं आणि दुधाळ पाणी सेपरेटिंग फनेलमध्ये घेतलं. तेल लवकर सुटावं म्हणून अंदाजाने मीठ घातलं, तर थेंब वरही येईनात आणि खालीही जाईनात, मधेच लटकून राहिले. कारण साधं आहे. लवंगेच्या तेलाची घनता १.०४ ते १.०६ च्या दरम्यान, आणि सात-आठ टक्के मिठाच्या पाण्याची घनताही तेवढीच. एक तर मीठ अजिबात घालू नका, रात्रभर ठेवा, तेल खाली बसतं. नाहीतर पूर्ण संपृक्त करा, १०० मिलीला ३५ ग्रॅमच्या आसपास; मग पाणी तेलाहून पुष्कळ जड होतं आणि तेल स्वच्छ वर येतं. दुसरा मार्ग घेतला. ५० ग्रॅम लवंगेला सात मिलीच्या आतबाहेर तेल.

शुद्ध थायमॉल, युजेनॉल आणि सिनामाल्डिहाइड रसायनांच्या दुकानातून आणलं. सिनामाल्डिहाइडच्या बाटलीच्या तोंडाशी पांढरी पूड दिसली तर ती घेऊ नका. हवेने त्याचं सिनामिक आम्ल झालेलं असतं.

७ जुलै. डिस्क पद्धत सोडून दिली

९० मिमीची प्लेट, २० मिली अगार, वर कॅन्डिडा पसरलेली, ६ मिमीच्या कागदी चकत्या, प्रत्येकीवर १० मायक्रोलिटर तेल. थायमॉलवाली अख्खी प्लेट कोरी! फोटो काढून लावावा असं दृश्य, पण त्याला अर्थ नाही. ताडून पाहायला नव्या प्लेटमध्ये चकती अगारवर न ठेवता झाकणाच्या आत चिकटवली आणि प्लेट उलटी ठेवली. तेलाचा अगारला स्पर्शही नाही, तरी मधला भाग कोरा. म्हणजे काम वाफेचं होतं.

उलट बाजूही आहे. जे तेल अगारच्या पाण्यात पसरत नाही त्याचं वर्तुळ लहान येतं आणि ते निकामी ठरतं. वर्तुळाच्या मिलिमीटरवरून दोन तेलांची तुलना करणं चूकच. तेल काम करतं की नाही एवढं बघायला डिस्क चालते. आकडा हवा असेल तर ९६ खान्यांच्या प्लेटमध्ये द्रव माध्यमाची पद्धत, कॅन्डिडासाठी सीएलएसआय या प्रमाण ठरवणाऱ्या संस्थेची एम२७ ही नियमावली, गजकर्णाच्या बुरशीसाठी एम३८.

१४ जुलै. द्रावण कसं करायचं

माध्यम : आरपीएमआय-१६४० पूड १०.४ ग्रॅम आणि मॉप्स बफर ३४.५३ ग्रॅम लिटरला, पीएच ७.०, ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरने गाळून. हे ऑटोक्लेव्ह करायचं नाही, ग्लुटामिन जातं.

आधी तेल ट्वीन ८० (तेल पाण्यात मिसळवणारा साबणासारखा पदार्थ) घालून आरपीएमआयमध्ये ढवळलं आणि त्यातच निम्मं-निम्मं पातळ करत गेलो. दोन अडचणी आल्या. एक, ट्वीनच्या कणांत तेल अडकून बसतं, बुरशीपर्यंत कमी पोहोचतं आणि एमआयसी फुगते. दोन, तेल पिपेटच्या टोकाला चिकटतं. टोक दिव्यासमोर धरलं तर आत चमकदार पटल दिसतं. त्यामुळे दहाव्या खान्यात प्रत्यक्षात किती मात्रा आहे ते कोणालाच सांगता येणार नाही.

आता असं करतो. १०० पट तीव्र मूळ द्रावण डीएमएसओमध्ये : युजेनॉलची घनता १.०६७, म्हणून ९६ मायक्रोलिटर युजेनॉल आणि ९०४ मायक्रोलिटर डीएमएसओ, म्हणजे १०२.४ मिलिग्रॅम प्रति मिली. थायमॉल तोलून तेवढंच. हे निम्मं-निम्मं पातळ करणं डीएमएसओमध्येच पूर्ण करायचं, दर वेळी नवं टोक. मग प्रत्येक पायरीतून २० मायक्रोलिटर ९८० मायक्रोलिटर आरपीएमआयमध्ये. खान्यात यातलं १०० आणि बुरशीचं १०० मायक्रोलिटर गेलं की वरची मात्रा १०२४ मायक्रोग्रॅम प्रति मिली, आणि प्रत्येक खान्यात डीएमएसओ बरोबर १ टक्का. डीएमएसओ सगळीकडे सारखं असल्याशिवाय तुलना होत नाही.

मूळ द्रावण पॉलिस्टायरीनच्या नळीत ठेवू नका. लवंगेच्या तेलाने नळीची भिंत धुरकट झाली आणि बोटाला चिकट लागली. प्लॅस्टिक तेलात उतरतं, तेल प्लॅस्टिकमध्ये शिरतं. काच किंवा पॉलिप्रॉपिलीन वापरा.

दुसऱ्यांचे आकडे वाचताना : कोणी ०.१ टक्का तेल असं लिहिलं असेल तर ते आकारमानाने असतं. ओव्याच्या तेलाची घनता ०.९२ धरली तर तेच ९२० मायक्रोग्रॅम प्रति मिली. टक्क्यात छोटा दिसणारा आकडा प्रत्यक्षात मोठा असतो.

२४ जुलै. शेजारच्या खान्यात वाफ

पहिल्या मांडणीत एका प्लेटमध्ये ओळीने वेगवेगळी तेलं होती, पहिल्या स्तंभात सगळ्यांत तीव्र मात्रा. थायमॉलच्या खालची ओळ नुसत्या १ टक्का डीएमएसओची. तिथे सगळीकडे सारखी वाढ यायला हवी. प्रत्यक्षात डावीकडचे तीन खाने जवळपास स्वच्छ, मधले फिकट, उजवीकडचे दाट गढूळ. डीएमएसओ तर सगळ्यांत तेवढंच. थायमॉलची वाफ वरच्या ओळीतून खाली उतरली होती.

आणि डीएमएसओच्या ओळीत जर हे झालं, तर थायमॉलच्या स्वतःच्या ओळीत तीव्र खान्याची वाफ कमी मात्रेच्या खान्यात जाणारच. म्हणजे एमआयसी खऱ्याहून कमी दिसते. तेलाची बाजू घेणाऱ्या या चुकीकडे आपलं लक्ष सहज जात नाही, कारण आकडा हवा तसाच येतो.

बदल : एका प्लेटमध्ये एकच तेल. मात्रा एक सोडून एक स्तंभात (१, ३, ५, ७, ९), मधल्या स्तंभांत निर्जंतुक पाणी. अकराव्या स्तंभात तेलाशिवायची वाढ, बाराव्यात बुरशीशिवायचं माध्यम. वरून चिकट फिल्म प्रत्येक खान्याच्या कडेवर अंगठ्याने दाबून. शिवाय वाढीचा आणखी एक नमुना तेल नसलेल्या वेगळ्या प्लेटमध्ये, शक्य तर वेगळ्या इन्क्युबेटरमध्ये. दोन्ही नमुन्यांची वाढ सारखी असेल तरच प्लेट वाचायची. प्लेटा जास्त लागतात, त्याला इलाज नाही. जुन्या मांडणीत थायमॉल कॅन्डिडाला ६४ मायक्रोग्रॅम प्रति मिलीला थोपवत होतं, नव्या मांडणीत १२८ ला. म्हणून जुन्या मांडणीचे सगळे आकडे रद्द केले.

५ ऑगस्ट. कॅन्डिडाचे आकडे

बुरशीची मात्रा : २४ तासांची वसाहत सलाइनमध्ये, ०.५ मॅकफार्लंड या ठरलेल्या नमुन्याच्या गढूळपणाला जुळवून (मिलीला १० ते ५० लाख पेशी). मग ५० पट आणि पुन्हा २० पट पातळ. खान्यात मिसळल्यावर मिलीला ५०० ते २,५०० पेशी. इथे दहापट चूक झाली तर एमआयसी एक-दोन पायऱ्यांनी सरकते, म्हणून दर वेळी थोडं अगारवर पसरून वसाहती मोजून घेतल्या.

३५ अंश, २४ तास. फ्लुकोनाझोल तुलनेच्या बुरशीवर १, मर्यादेत. कॅन्डिडा अल्बिकन्सवर, मायक्रोग्रॅम प्रति मिलीमध्ये : थायमॉल १२८, सिनामाल्डिहाइड ६४ ते १२८, युजेनॉल ५१२, ओव्याचं तेल २५६, लवंगेचं तेल ५१२. फ्लुकोनाझोल वाचताना निम्मी वाढ घटली की तो आकडा धरतात; तेलांसाठी खाना पूर्ण स्वच्छ हवा, हे आधीच ठरवून लिहून ठेवा.

ओव्याच्या तेलाचा आकडा थायमॉलच्या दुप्पट आला. तेलात निम्म्याच्या आसपास थायमॉल असतं, तेव्हा बाकीच्या घटकांनी फार मदत केलेली दिसत नाही.

स्वच्छ खान्यांतून २० मायक्रोलिटर साध्या अगारवर टाकून पाहिलं. थायमॉल १२८ च्या खान्यातून पुन्हा वसाहती उगवल्या, २५६ च्या खान्यातून नाही. १२८ ला बुरशी थांबली होती, मेली नव्हती.

१२ ऑगस्ट. हळद आणि लसूण बाजूला ठेवले

कर्क्युमिन आरपीएमआयमध्ये टाकताच पिवळी पूड होऊन बसतं आणि खाना स्वच्छ की गढूळ ते डोळ्याला कळत नाही. यंत्रावर वाचावं तर रंग मधे येतो. शिवाय उदासीन पीएचला, ३७ अंशांच्या आसपास ते फार लवकर तुटतं, त्यामुळे २४ तासांनी खान्यात काय उरलं आहे हा प्रश्नच. या पद्धतीत कर्क्युमिनचा आकडा काढू नये.

लसूण माळव्याचाच, ताजा. ॲलिसिन कुडीत तयार नसतं. कुटल्यावर ॲलिनेज एन्झाइमने बनतं. म्हणून कुटून दहा मिनिटं थांबायचं, मग गाळायचं. उकळला किंवा ऑटोक्लेव्ह केला की संपलं. रस कॅन्डिडावर जोरदार चालला, पण एचपीएलसी यंत्राने (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं) ॲलिसिन मोजल्याशिवाय मायक्रोग्रॅम लिहिता येत नाहीत आणि रस उद्यापर्यंत तसाच राहत नाही. तक्त्यात घेतला नाही.

शेताच्या बांधांवर सध्या टाकळा माजलाय, दादवर, म्हणजे गजकर्णावर, त्याचं बी वापरतात. त्यातले अँथ्राक्विनोन गटाचे पदार्थही रंगीत आणि पाण्यात न विरघळणारे. तो पुढच्या खेपेला, वेगळ्या पद्धतीने.

३ सप्टेंबर. ट्रायकोफायटन लावली

ही बुरशी चार दिवसांनी वाचायची. ६ तारखेला अनंत चतुर्दशी, झांक्यांच्या (सजवलेल्या देखाव्यांच्या) मिरवणुकीमुळे राजवाड्याकडचे रस्ते रात्रभर बंद, म्हणून वाचन ७ ला येईल असं लावलं. तुमच्या शहरातले असे दिवस आधी बघून घ्या. पाचव्या दिवशी वाचलेली प्लेट चौथ्या दिवसाची म्हणून चालत नाही.

बटाटा-डेक्स्ट्रोज अगारवर ३० अंशांना आठवडाभर वाढवली, पांढरी पिठूळ झाली. सलाइनमध्ये ट्वीनचा एक थेंब घालून पृष्ठभाग हलके खरवडला. द्रवात तंतूंचे तुकडे येतात आणि एक तुकडा म्हणजे किती पेशी ते मोजता येत नाही. निर्जंतुक गॉजच्या चार पदरांतून गाळून दहा मिनिटं उभं ठेवलं आणि फक्त वरचा भाग घेतला. हिमोसायटोमीटरच्या (पेशी मोजायच्या चौकटीच्या काचेच्या) मधल्या मोठ्या चौकोनात ४० बीजाणू, म्हणजे मिलीला ४ लाख. १०० पट पातळ केल्यावर ४,०००, खान्यात निम्मे, २,०००. हवे १,००० ते ३,०००.

फिल्म घट्ट लावलेल्या चाचणीच्या प्लेटमध्ये तेल नसलेली वाढसुद्धा मरगळलेली होती. चार दिवसांना हवा लागते. आता प्रत्येक खान्यावर निर्जंतुक सुईने एक भोक आणि प्रत्येक प्लेट ओल्या कापसासह वेगळ्या झाकणाच्या डब्यात. मधले पाण्याचे स्तंभ तसेच ठेवले.

७ सप्टेंबर

ट्रायकोफायटनची वाढ ८० टक्के घटली ती मात्रा एमआयसी, मायक्रोग्रॅम प्रति मिलीमध्ये. थायमॉल ६४, सिनामाल्डिहाइड ३२ ते ६४, युजेनॉल २५६. कॅन्डिडाहून एक पायरी खाली.

१६ सप्टेंबर. थायमॉल आणि फ्लुकोनाझोल एकत्र

कॅन्डिडावर चेकरबोर्ड, म्हणजे एका प्लेटमध्ये दोन्हींच्या मात्रांच्या सगळ्या जोड्या. एकेकटे १२८ आणि १. एकत्र थांबवलं ते ३२ आणि ०.२५ च्या खान्याने. प्रत्येकाची एकत्रची मात्रा त्याच्या एकट्याच्या मात्रेने भागून बेरीज ०.२५ अधिक ०.२५, म्हणजे ०.५. नियमाने ०.५ किंवा त्याहून कमी म्हणजे दोन्ही एकमेकांना बळ देतात. पण या पद्धतीत एका पायरीचा फरक नेहमीचाच, आणि इथे एक खाना इकडे तिकडे झाला की ०.७५ किंवा ०.३७५. इतक्या काठावरच्या आकड्याला आम्ही नाव देणार नाही. पुन्हा लावलेल्या प्लेटांत तो ०.५ च्या खाली सतत आला तरच.

२५ सप्टेंबर. तेल मागायला येणाऱ्यांसाठी, आणि आवराआवर

प्लेटा स्वच्छ झाल्याचं कळल्यावर ओळखीतले गजकर्णासाठी तेल मागतात. कोणालाही दिलेलं नाही. शांतपणे आकडे बघा : ज्या ट्रायकोफायटनवर औषध चालतं तिला टर्बिनाफिन या गजकर्णावरच्या औषधाची मायक्रोग्रॅमच्या शंभराव्या हिश्श्याच्या आसपासची मात्रा पुरते, थायमॉलला ६४ लागले, तेही बंद खान्यात, चार दिवस. कातडीवरून थायमॉल उडून जातं. आणि मात्रा वाढवावी तर लवंगेचं कच्चं तेल कातडी भाजतं, सिनामाल्डिहाइडची ॲलर्जी तर नावाजलेली.

गजकर्ण बरं होत नाही म्हणून लोक हैराण आहेत, हे खरं आहे. स्टेरॉइड मिसळलेल्या मलमांनी खाज दबते आणि बुरशी पसरत राहते. त्यात २०२० साली वर्णन झालेल्या ट्रायकोफायटन इंडोटिनीच्या कितीतरी वाणांवर टर्बिनाफिन चालत नाही. स्क्वॅलीन इपॉक्सिडेज एन्झाइममधला बदल त्याला कारण. नव्या रेणूंची गरज म्हणूनच आहे, आणि म्हणूनच आकडा खरा हवा. ज्यांना त्रास आहे त्यांनी त्वचारोगतज्ज्ञाकडे जावं आणि आधीचं मलम सोबत न्यावं.

खर्चात सगळ्यांत महाग आरपीएमआय-मॉप्स, मग प्लेटा आणि फिल्म. ओवा-लवंगेचा खर्च त्यापुढे किरकोळ. पैसे वाचवायचे तर शुद्ध थायमॉलपासून सुरुवात करा; ते तोलता येतं, घटक एकच असतो आणि पद्धत बसली की नाही ते लगेच कळतं. तेल काढायच्या मागे नंतर लागा.

वापरलेल्या प्लेटा फिल्मसकट १२१ अंशांवर ३० मिनिटं. तेलाच्या प्लेटा वेगळ्या खेपेत घाला. नाहीतर ऑटोक्लेव्हमध्ये ओव्याचा वास राहतो, आणि पुढच्या खेपेचं माध्यम त्याच वाफेत तयार होतं.